दहावं वाक्य

दुपारी अडीचच्या सुमाराला दाराची बेल वाजली आणि दार उघडायच्या आधीच मला कळलं, एप्रिल आला. समोरच्या कांबळेकाकू उभ्या होत्या, हातात झारा, कपाळावर घाम. “वैशाली, दाणे भाजायला घेतेय गं. खिडक्या लावून घे,” एवढं बोलून त्या वळल्या. काकूंचं माहेर लातूरकडचं. दाण्याच्या कुटाशिवाय त्यांच्या घरची भाजी गॅसवरून खाली उतरत नाही, आणि शेंगदाण्याची चटणी त्या उन्हाळ्यात एकदाच, डबे भरभरून करतात. गेली सात वर्षं दाणे भाजायच्या आधी त्या माझी बेल वाजवतात, आणि भाजून, निववून, डब्यात भरून झाले की पुन्हा वाजवतात. हे आमच्यात बसून कधी ठरलं नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी सानूला, माझ्या लेकीला, माझ्या कडेवर पाहिलं, आणि त्यानंतर ते आपोआप सुरू झालं.

मी स्वयंपाकघराची खिडकी लावली, हॉलची लावली, पंखा वाढवला. वास तरीही आलाच. डॉक्टरांनी मला निदान चार वेळा सांगितलंय की नुसत्या वासाने काही होत नाही, पोटात जायला लागतं. मला ते पटलेलं आहे. पटलेलं असूनही मी खिडक्या लावते.

मुलुंडमधल्या बाकीच्या घरांना एप्रिल म्हणजे शेवटचा पेपर, कैरीची डाळ, गावच्या तिकिटांची घाई. गच्चीवरून दिसणारा डोंगर या दिवसांत पार वाळून जातो आणि सोसायटीतली पोरं उन्हातान्हात सायकली फिरवत ओरडत असतात. माझ्या डोक्यात मात्र या वासाबरोबर वेगळेच आवाज सुरू होतात. उंच चढून खाली पडणारे, मध्येच तुटणारे, मला एकही अर्थ न कळणारे आवाज, आणि ते सगळे माझ्या मुलीच्या गळ्यातून येणारे. गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा आमच्या घरात चिनी भाषेत गेला. घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ती भाषा येत नव्हती.

झालं असं की महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने चीनला पाठवायचं ठरवलं. तो लिफ्टच्या कंपनीत इंजिनीअर आहे. सुटे भाग जिथून येतात त्या कारखान्यात दोन वर्षं, जूनपासून, कुटुंबासकट. त्याने ही बातमी आणली तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे फुलले होते, माझाही. सानू तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. तिथली शाळा चांगली होती, फोटोत तर फारच चांगली. मोठं मैदान, पोहण्याचा तलाव, आणि एका फोटोत लांबच लांब टेबलांवर जेवायला बसलेली शेकडो मुलं. खाली लिहिलं होतं की मुलांचं दुपारचं जेवण शाळेतच होतं, डबा आणायची गरज नाही. महेश पुढचा फोटो दाखवत होता आणि मी त्या टेबलांवरच अडकून राहिले होते.

सानू तीन वर्षांची असताना सोसायटीतल्या एका घरी उपवासाच्या दिवशी तिला साबुदाण्याची खिचडी दिली होती. दोन घास. आमच्या मालवणी घरात सगळ्यात खोबरं. शेंगदाणा तिच्या पोटात त्या दिवसापर्यंत कधी गेलाच नव्हता. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, डोळे बारीक झाले. मी तिला कडेवर घेऊन जिना उतरत होते तेव्हा कांबळेकाकू भाजी घेऊन वर येत होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पिशवी तिथेच टाकली आणि रिक्षा आणायला माझ्यापुढे धावल्या. रिक्षात सानू रडत नव्हती. ती फक्त श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती आणि त्याचा शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. ती बरी झाली, चार तासांत घरी आली, दुसऱ्या दिवशी खेळायला गेली. मी मात्र त्या रिक्षातून पुरती उतरलेली नाही. आरोग्य विम्याच्या कंपनीत, अंधेरीच्या ऑफिसात, मी क्लेमच्या फायली तपासते. लोकांच्या घरात एका साध्या दुपारी काय काय घडू शकतं हे दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन ते आपल्या घरात घडणार नाही असं समजायचं, हे मला फार वेळ जमत नाही.

महेशने सगळं रीतसर केलं. शाळेला ईमेल केला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, चिनी अक्षरांत एक कार्ड छापून प्लास्टिकमध्ये घालून आणलं. गळ्यात घालायला दोरीसुद्धा. “आता काय राहिलं?” तो म्हणाला. मी म्हटलं, “या मुलीने आजपर्यंत सहा पाण्याच्या बाटल्या, दोन छत्र्या आणि एक बूट हरवलाय. एक बूट, महेश. ती कार्ड गळ्यात ठेवेल?” तो हसला. मीही हसले. पण मला कागदावर भरवसा नव्हता. मला तिच्या तोंडात एक वाक्य हवं होतं. मी शेंगदाणे खाऊ शकत नाही. एवढं एक. ते तिला अशा भाषेत म्हणायचं होतं जिच्यात ती बरोबर बोलतेय की चूक, हे मला कधीच कळणार नव्हतं.

प्रज्ञा आमच्याकडे आली ती अशी. माझ्या ऑफिसच्या इमारतीतच, खालच्या मजल्यावर, परदेशातून माल मागवणाऱ्या एका कंपनीत ती दुभाषी आहे. चोवीस-पंचवीस वर्षांची, गोवंडीत वाढलेली, वडील बीडकडून आलेले. ती मँडरिन शिकली तेव्हा तिच्या घरातल्या कोणालाही ती भाषा कुठे बोलतात हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. मी विचारलं, “मग तुझा अभ्यास कोण घ्यायचं?” ती म्हणाली, “आई घ्यायची ना. समोर बसून मटार सोलायची. मी थांबले की म्हणायची, थांबलीस का?” दर शनिवारी आणि रविवारी सकाळी ती घरी यायची, सानूबरोबर जमिनीवर बसायची, आणि तासभर आमच्या हॉलमध्ये ते चढउताराचे आवाज फिरायचे.

शाळेची व्हिडिओवर मुलाखत व्हायची होती. त्यासाठी प्रज्ञाने दहा वाक्यं लिहून दिली. माझं नाव अमुक, मी नऊ वर्षांची आहे, मी मुंबईत राहते, माझ्या घरी आई, बाबा आणि आजोबा आहेत, मला चित्र काढायला आवडतं, असं. नऊच होती खरं तर. दहावं मी घालायला लावलं. “सगळ्यात शेवटी घालते ताई,” प्रज्ञा म्हणाली, “म्हणजे लक्षात राहील.” मलाही ते बरोबर वाटलं. शेवटची गोष्ट लक्षात राहते असंच आपण धरून चालतो.

मग मी माझी पद्धत सुरू केली. माझी म्हणजे आमच्या सगळ्यांची. संध्याकाळी दिवा लावला की देवासमोर हात जोडायचे आणि परवचा म्हणायची. मी लहानपणी तशीच म्हटली, महेशनेही. बे एके बेपासून सुरू करायचं आणि न थांबता खाली जायचं. सानूचे पाढे झाले की त्यालाच जोडून ही दहा वाक्यं. हात पाठीमागे, पाय जुळवून, नजर समोर. एका दमात. मार्चच्या अखेरीपर्यंत ती इतकी सुरेख म्हणायला लागली की कांबळेकाकू दारात येऊन ऐकायच्या. मी समोर मांडी घालून बसायचे आणि मान डोलवायचे. मला काय कळत होतं, कपाळ. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून तपासायचे. भुवई हलली की म्हणायचे, “पुन्हा.” जीभ अडखळली की, “पुन्हा.” अर्थाच्या आत मला शिरताच येत नव्हतं. मी दाराबाहेर उभी राहून आत सगळं ठीक आहे ना, याचा कानोसा घेत होते.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. माझं इंग्रजी ती अशीच घ्यायची. पुस्तक उलटं धरलं असतं तरी तिला कळलं नसतं, पण मी वाचताना एक शब्द गाळला की तिचं शिवणयंत्र थांबायचं. मला वाटायचं आईला सगळं येतं. पुढे मोठी झाल्यावर कळलं की तिला फक्त मी येत होते. गेल्या उन्हाळ्यात सानूसमोर बसल्यावर मला तिच्या त्या थांबलेल्या शिवणयंत्राची फार आठवण यायची. तिला कधी भीती वाटली असेल का, की ही मुलगी आता अशा ठिकाणी चाललीय जिथे मला हिच्या मागे जाता येणार नाही? मी तिला हे कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

या सगळ्यात खुर्चीत बसून पेपर वाचणारे आबा, माझे सासरे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच कामं केली, पण माणूस मूळचा पखवाजाचा. गावच्या भजनात त्यांचा हात बघायला लोक दुसऱ्या वाडीतून यायचे असं महेश सांगतो. सानूची दहा वाक्यं एका दमात संपली की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि आबा पेपरामागून म्हणायचे, “पोपट बरो बोलता.” मला राग यायचा. एकदा ते पेपर खाली करून म्हणाले, “तिका मधलाच विचारून बघ गो. येवचा नाय.” मी म्हटलं, “आबा, सगळं पाठ आहे तिला.” त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

ते मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माझ्या मुलीला सगळं येतं, हे मला त्या दिवसांत फार हवं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी प्रज्ञा म्हणाली, आज आपण कँटीन-कँटीन खेळू. तिने ओढणी डोक्याला बांधली, हातात आमच्या डाळीचा डाव घेतला आणि जेवण वाढणारी बाई झाली. सानूला हसू आवरेना. प्रज्ञाने ताटलीत एक ग्लुकोजचं बिस्कीट ठेवलं, चिनीत काहीतरी म्हणाली, मग माझ्याकडे बघून मराठीत, “ताई, हे समजा शेंगदाण्याचं आहे. सानू, कळलं ना? यात शेंगदाणे आहेत.” सानूने मान हलवली. प्रज्ञाने बिस्कीट तिच्यापुढे धरलं आणि चिनीत म्हणाली, खा.

सानूने हात पाठीमागे घेतले. पाय जुळवले. नजर समोर. आणि सुरू केलं, माझं नाव सानिका. प्रज्ञा पुन्हा म्हणाली, खा. मी नऊ वर्षांची आहे. प्रज्ञाने बिस्कीट अजून जवळ आणलं. मी मुंबईत राहते. मोठ्यांनी दिलेलं नाकारायचं नाही, हेही आम्हीच शिकवलेलं. पाचव्या वाक्याला सानूने पाठीमागचा एक हात पुढे केला आणि बिस्कीट घेतलं. सातव्याला प्रज्ञाने हाताने खूण केली, आणि सानूने त्याचा तुकडा तोडला, चावला, आणि भरल्या तोंडाने आठवं वाक्य म्हणाली, नववं म्हणाली. मग गिळलं. आणि अगदी स्वच्छ आवाजात, ओठांवर चुरा घेऊन, दहावं वाक्य म्हणाली, मी शेंगदाणे खाऊ शकत नाही. मग टाळ्यांसाठी आमच्याकडे बघत राहिली.

कोणी हसलं नाही. प्रज्ञाने ओढणी सोडली. सानूचा चेहरा हळूहळू उतरला, कारण माझा उतरला होता. तिला काय चुकलं ते कळत नव्हतं. एकही शब्द चुकला नव्हता. बे साते विचारलं की बे एकेपासून सुरू करणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत, आपणही तीच होतो. ओठांतल्या ओठांत खाली उतरत जायचं आणि चौदाला पोचायचं. पाढ्यात त्याने काही बिघडत नाही. मी तेच शिकवलं होतं, मीच. मी तिला दहा पायऱ्यांच्या जिन्यावर वर उभं केलं होतं आणि औषध ठेवलं होतं तळाशी.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको. पण दिवसाउजेडी जे झालं ते जास्त वाईट होतं. ऑफिसात फाइल उघडली की मला तिचे ते चुरा लागलेले ओठ दिसायचे. त्यांना सूज येताना दिसायची. शेकडो मुलांच्या त्या लांब टेबलाशी ती उभी आहे, हात पाठीमागे, आपलं नाव सांगतेय, वय सांगतेय, गाव सांगतेय, आणि तिच्याभोवतीच्या माणसांना वाटतंय काय गोड मुलगी आहे. मी महेशला म्हटलं, “आपण नको जाऊया.” त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, “वैशू, मला पण भीती वाटते गं. पण तू इतकी घाबरतेस ना, की मला माझी भीती काढायला जागाच उरत नाही.” हे तो रागाने म्हणाला नाही, म्हणून जास्त लागलं.

मार्ग आबांनी काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सानू रडवेली होऊन देवासमोर बसली होती; वाक्यं म्हणायला तयार नव्हती. आबा खुर्चीतून उठले, गुडघे धरत तिच्याशेजारी पाटावर बसले. मला म्हणाले, “भजनात कडवा इसारला तर चलात. ध्रुपद कोण इसारना नाय. ता परत परत येता म्हणान.” मग सानूला, “सांग बघू नाव. आणि लगेच ता शेवटचा.” तिने नाव सांगितलं आणि दहावं वाक्य. “आता वय. आणि परत ता.” आबांनी पाटावर बोटांनी ठेका धरला. नाव, दहावं. वय, दहावं. मुंबई, दहावं. प्रत्येक कडव्यानंतर तेच. मग त्यांनी कडवी उलटसुलट केली, मधलं आधी, शेवटचं मध्ये, आणि मग कडवी काढूनच टाकली. नुसता ठेका द्यायचा आणि तिने म्हणायचं. ‘वो पू नंग छ् ह्वाशंग.’ असं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. प्रज्ञाने बघून डोक्याला हात लावला आणि म्हणाली, हे तुम्ही कोणाला वाचून दाखवू नका. आबांना माझ्या वहीची गरज नव्हती. त्यांनी ते वाक्य कानाने घेतलं होतं, कुठे वर जातं, कुठे खाली येतं, कुठे श्वास पडतो. शब्द त्यांना एकही येत नव्हता. चाल अख्खी येत होती.

नंतरचे चार आठवडे आम्ही त्या पोरीला छळलं. तिच्या हातात अचानक काहीही द्यायचं आणि तिने ते वाक्य म्हणायचं. आंघोळीला निघाली की साबण. जिन्यात भेटली की किल्ली. कांबळेकाकू तिला कढीपत्त्याची काडी द्यायच्या आणि गंभीर चेहऱ्याने वाट बघायच्या. एकदा भाजीवाल्याने वरून दोन मिरच्या घातल्या तर सानूने त्याला चिनीत ठणकावलं आणि तो बिचारा मिरच्या परत घ्यायला लागला. आम्ही त्या दिवशी खूप हसलो. रात्रीच्या जेवणात महेश पोळी वाढताना मुद्दाम थांबायचा. घरभर ते वाक्य सांडलेलं असायचं.

पण त्याच दिवसांत मला दुसरी एक गोष्ट दिसायला लागली होती. कोणी हात पुढे केला की सानू दचकायची. वाक्य तर यायचंच, पण त्याच्या आधी डोळे मोठे व्हायचे. पूर्वी ती कोणाकडेही बिनधास्त जायची. एका दुपारी कैरी चिरत होते तेव्हा ओट्याला टेकून तिने विचारलं, “आई, तिथे कोणी मला मुद्दाम देईल का?” मी म्हटलं, “छे गं, मुद्दाम कशाला देतील?” “मग तू माझ्याकडून इतकं का करून घेतेस?” मी कैरीच्या फोडींना मीठ लावत राहिले. मला तिच्या तोंडात एक वाक्य ठेवायचं होतं. त्याच्याबरोबर माझी सगळी भीतीही मी तिच्या तोंडात ठेवली होती. ती तिला माझ्यापेक्षा लवकर पाठ झाली होती.

मुलाखत झाली, चांगली झाली. आणि मेच्या मध्याला कंपनीने कळवलं की सगळं एक वर्ष पुढे गेलंय. महेश हिरमुसला. मी त्याच्यासमोर “अरेरे” म्हटलं, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडावर हात ठेवून रडले. सुटकेनेच रडले, खोटं कशाला सांगू. एक वर्ष तरी ती माझ्या भाषेत राहणार होती. जिथे सगळ्यांना सगळं सांगता येतं, जिथे शेजारीण दाणे भाजायच्या आधी बेल वाजवते, तिथे राहणार होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या घरी तिच्याच वयाच्या मुलीचा वाढदिवस होता. मी ऑफिसात होते. जाण्याआधी फोन करून त्या घरी सांगायचं, हे माझं सहा वर्षांचं काम, ते मी त्या दिवशी केलं नाही. डोक्यावरून ओझं उतरलं होतं ना. सहा वाजता आबा तिला आणायला गेले. दारात चपला काढत होते. आतून हसण्याचा गलका येत होता. यजमानीणबाईंनी स्वतः लाडू वळले होते, दाण्याचे, आणि एकेका मुलाला त्या जवळ घेऊन हाताने भरवत होत्या. सानूची पाळी आली. तिला वास आला असणार. तिने डोळे मोठे केले, हात पाठीमागे घेतले आणि ते वाक्य म्हणाली.

चिनीत.

इथे, मुलुंडमध्ये, मराठी बाईला, मराठी मुलीने. महिनाभर आम्ही तिला घडवलं ते याच्यासाठी, की घाबरली की तोंडातून तेच यावं. ते आलं. बाई खूश झाल्या. “अय्या, चायनीज येतं तुला? परत म्हण ना गं.” सानूने परत म्हटलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. “सगळे ऐका हं. अजून एकदा म्हण आणि मग हा लाडू तुला.” तिने तिसऱ्यांदा म्हटलं, आणि आबा सांगतात, तेव्हा तिचा आवाज गेला होता, नुसती चाल उरली होती. लाडू ओठांना टेकायला आला होता.

आबांच्या एका पायात चप्पल होती. तसेच ते आत गेले आणि त्यांनी त्या बाईंचं मनगट धरलं. परक्या बाईचं मनगट, ऐंशीच्या घरातल्या माणसाने. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला बाहेरून कसं कळलं? ते म्हणाले, “आपला ध्रुपद आयकलंय. बाकीचा काय माका कळला नाय.” मग सानूला मांडीवर घेऊन ते बराच वेळ पंख्याखाली बसले.

मी तेव्हा मनात मोजलं. ते वाक्य ऐकून ज्यांना कळेल अशी तिच्या ओळखीची माणसं या अख्ख्या मुंबईत किती? मी, महेश, आबा, काकू, प्रज्ञा. आणि त्यातलं एक नेमकं त्या दारात होतं. त्याच्यापुढचं मला मोजता येत नाही.

तेव्हापासून सानू मराठीत “मला दाणे चालत नाहीत” असं सांगते. मी तेही घोकून घेतलं, उघडच आहे. चिनी आम्ही बंद नाही केलं. प्रज्ञा येते, धडे पुढे गेलेत, आता सानू त्या दोघींच्या गप्पांत हसते आणि मला का हसली ते कळत नाही. गेल्या आठवड्यात महेशला कंपनीचं पत्र पुन्हा आलं. या जूनला नक्की. टेबलांचा तो फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. टेबलं तेवढीच लांब आहेत.

आज खिडक्या लावून झाल्यावर सानू अभ्यासाची वही घेऊन माझ्याजवळ ओट्याशी येऊन बसली. दहा वर्षांची झालीय, माझ्या खांद्याला लागते. वहीत काही लिहीत नव्हती. मग वर न बघता म्हणाली, “आई, त्या वाढदिवसाला मी घाबरले तेव्हा चिनीत बोलले ना.”

“हो.”

“तिथे घाबरले आणि मराठीत बोलले तर?”

वास सगळ्या घरात भरला होता. मी गॅस पुसत होते, ती पुसतच राहिले. एक वर्ष मी या प्रश्नाच्या आजूबाजूने फिरत होते आणि तिने तो वहीच्या कोपऱ्यात फुलं काढता काढता विचारला. तिथे त्या दारात आबा नसतील. मी नसेन. मला तिला सांगता आलं असतं की तू आता मोठी झालीस, तुला दोन्ही येतं, काही होणार नाही. अंधेरीच्या फायलींमध्ये ‘काही होणार नाही’ म्हणणारी माणसं मी रोज वाचते.

“मग बोलू नकोस,” मी म्हटलं. “काही आठवलं नाही तर काहीच बोलू नकोस. तोंड घट्ट मीट. हातात दिलेलं खाली ठेव. आणि एक पाऊल मागे जा.”

“कोणाला राग आला तर?”

“येऊ दे. उद्धट म्हणू देत तुला.”

मोठ्यांनी दिलेलं नाकारायचं नाही असं तिला मीच सांगितलं होतं. मी डब्यातून एक बिस्कीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, ओट्यावर ठेवलं, ओठ आत ओढून तोंड मिटलं आणि एक पाऊल मागे गेली. पाठ फ्रिजला लागली. तिथून ती माझ्याकडे बघत राहिली, मोठ्या डोळ्यांनी, एक शब्द न बोलता, आणि पहिल्यांदाच मला ती काय म्हणतेय ते सगळं कळत होतं.

बेल वाजली. “झालं गं वैशाली, उघड खिडक्या,” काकूंचा आवाज आला. सानू खिडकीकडे निघाली.

“थांब,” मी म्हटलं आणि बिस्कीट पुन्हा उचललं. “अजून एकदा.”